नाव तेच, कारभारी निराळा

भोर संस्थानचे अधिपती 'पंतसचिव' म्हणून ओळखले जात. 'सचिव' हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील पद. त्याचे जुने फारसी वळणाचे नाव 'सुरनीस'. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास नाव बदलले. राजपत्रे तपासण्याचे काम तेच राहिले. संगणकाच्या जगात याच्या उलट प्रयोग झाला आहे. तेथे नाव तेच ठेवून काम करणारा बदलला. त्या प्रयोगाचे नाव 'वाइन'.

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सारी कामे स्वतः करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे अशी कामे तो 'लायब्ररी'कडे सोपवतो. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे, तर हाक मारताच ठरलेले काम करून देणारा सूचनांचा संच. विंडोजवर अशा फाइलींना 'डीएलएल' म्हणतात. लिनक्सवर त्या थेट चालत नाहीत; त्यांची घडण निराळी, आणि त्यांच्या हाकेला ओ देणारी विंडोज तेथे नसते.

१९९३ साली सुरू झालेल्या वाइनने ती ओ देण्याची व्यवस्था केली. प्रोग्रॅमने 'क्रिएटफाइल' अशी हाक मारली की त्याच नावाची वाइनची सूचना पुढे होते, लिनक्सकडून फाइल उघडून घेते आणि उत्तर विंडोजच्या रीतीने परत देते.

मार्ग तीन आहेत. तयार प्रोग्रॅम असेल तर तो वाइनमधून चालवावा. मूळ लिखाण हाती असेल तर 'वाइनलिब'च्या साहाय्याने ते लिनक्सवर नव्याने बांधावे. असा प्रोग्रॅम डीएलएललाही हाक मारू शकतो. एखादीच लायब्ररी हवी असेल तर वाइनमध्ये एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम ठेवून लिनक्सच्या प्रोग्रॅमने त्याच्याशी निरोपांची देवघेव करावी.

मर्यादाही आहेत. विशिष्ट यंत्राच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेली लायब्ररी बहुधा अडते. शिवाय दुसऱ्याची डीएलएल उचलून वाटण्यास परवाना लागतो.

हा खटाटोप आपण का करावा? युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या निरनिराळ्या संकेतांत साठवला जाई. तो उघडणारे जुने प्रोग्रॅम बहुतेक विंडोजचेच. भोर-वेल्ह्याकडे आमच्यासारख्या घरांत संगणक आला तर तो बहुधा कोणाचा तरी जुना; त्यावर मोफत लिनक्स सोयीचे पडते. तेथे वाइनमध्ये जुना प्रोग्रॅम चालला, तर अडकलेला मजकूर वाचता येईल आणि युनिकोडमध्ये उतरवून घेता येईल. प्रत्येक वेळी यश येईलच असे नाही. पण जुन्या फाइली टाकून देण्यापूर्वी एकदा प्रयत्न करणे आपल्या हाती आहे.

सुरनीसाचा सचिव झाला, तरी पत्रे तपासली जात राहिली. कारभारी बदलला तरी कागद हरवू नये, एवढेच या विद्येचे सार.