दिसते ती धूळ, मारते ती वेगळी

साताऱ्याकडच्या खडी क्रशरवर मी बारा वर्षं काढली होती. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातल्या एका क्रशरचं काम हाती घेतलं, तेव्हा दगडाबद्दल मला कुणी काही सांगावं असं वाटलंच नाही. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात मोकळी सिलिका फारशी नसते. पूर्व विदर्भातला ग्रॅनाइट-नाइस जातीचा दगड मात्र गारगोटीने, म्हणजे मोकळ्या सिलिकाने भरलेला. मला फरक जाणवला तो फक्त जॉ क्रशरच्या प्लेटांत. त्या भराभर झिजायच्या. माणसांच्या फुप्फुसांवरही तोच दगड चालतोय, हे काही डोक्यात आलं नाही.

धुळीचे लोट गावावर जायचे, गावकरी चिडायचे. मी टँकर लावला आणि चाळणीवर जाड धारेचे पाइप सोडले. लोट बसला, मी खूश. दोन दिवसांत चाळणीच्या जाळ्या गाळाने बुजल्या, पट्टा घसरू लागला. मुकादमाने पाणी बंद केलं. मग तपासणी असेल त्या दिवशी पाणी, एरवी कोरडं, अशी रीतच पडली. संध्याकाळी सगळे कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरची धूळ उडवायचे. मीही त्यातलाच.

चाळणीखाली काम करणारा एक जण माझ्या आधीपासून तिथे होता. त्याला खोकला धरला. टीबी समजून औषधं झाली, फरक नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करता?" सिलिकोसिस निघाला, सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. तो बरा करणारं औषध नाही, आणि धुळीतून बाहेर पडल्यावरही तो वाढू शकतो. गावी जाताना तो माणूस एवढंच म्हणाला, "साहेब, ते पाणी रोज सोडत जा."

पाणी रोज सोडायचं, पण कसं, ते मला नंतर कळलं. मोठा थेंब हवेला बाजूला ढकलतो आणि बारीक कण त्याला वळसा घालून निसटतो. धुळीच्या कणाएवढा बारीक थेंब लागतो. म्हणून धार नको, धुक्यासारखं फवारणारे नोझल हवेत, आणि नोझल बुजू नयेत म्हणून गाळलेलं पाणी. फवारा हवा तो धूळ जन्मते तिथे: हॉपरवर, जबड्याच्या तोंडाशी, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल पडतो तिथे. माल जितक्या उंचावरून पडेल तितकी धूळ जास्त, म्हणून आधी ती उंची कमी करा. चाळणी पत्र्याने बंदिस्त करा, पट्टे झाका, वाऱ्याच्या बाजूला भिंत उभारा. पाणी चालत नसेल तिथे धूळ ओढून घेणारा बॅग फिल्टर बसवा. डंपरचा रस्ता पक्का करा, तो ओला ठेवा आणि मालावर ताडपत्री बांधा.

माणसांसाठी: उपरण्याने बारीक कण अडत नाहीत, चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क द्या. पण मास्क हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. कॉम्प्रेसरने कपडे झाडणं बंद करा. कामाचे कपडे क्रशरवरच राहू द्यात, घरी पोरं असतात. छातीची तपासणी कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळाने करा. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. तो लपवू नका.

क्रशरच्या आसपास हवेतले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत, असा नियम आहे. आकडा मोजणारे येतील तेव्हा येतील. तोवर अंधार पडला की मास्क लावून चाळणीपाशी जा, समोरून कुणाला तरी बॅटरी धरायला सांगा आणि झोताच्या कडेने बघा. दिवसा जिथे हवा स्वच्छ वाटत होती, तिथेच कण तरंगताना दिसतील. ते दिसले, की दुसऱ्या दिवशी क्रशर सुरू करण्याआधी फवारे तपासा.