दुसरा मेजर की नुसता मायनर?

रायपूरच्या एका मराठी घरातल्या मुलीने 2024मध्ये गणित घेतले आणि जोडीला अर्थशास्त्र. छत्तीसगडमध्ये नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी अभ्यासक्रम त्याच सत्रापासून लागू झाला होता. पोरगी दोन मेजर करतेय, असे घरचे अभिमानाने सांगत. दुसऱ्या वर्षी कळले, अर्थशास्त्राची नोंद मायनर म्हणून झाली आहे.

हा फरक मोठा आहे. यूजीसीच्या डिसेंबर 2022च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट लागतात. त्यांतले किमान 40 टक्के, म्हणजे 48, दुसऱ्या विषयाचे असले तरच दुहेरी मेजर मिळते. मायनर 24 क्रेडिटमध्ये आटोपतो. "प्रवेशाच्या वेळी मी फक्त विषयांची नावं पाहिली, क्रेडिट कुणी मोजलेच नाहीत," ती सांगते. आता ओळखीतल्या बारावीच्या मुलांना ती आधी विद्यापीठाचा अध्यादेश वाचायला लावते. दुसऱ्या मेजरची सोय आहे का, विषय कधीपर्यंत बदलता येतो, दोन्हींचे तास एकाच वेळी येतात का, हे विभागातून लेखी घ्या, असा तिचा आग्रह असतो. तो रास्तच आहे.

अभ्यासाची गोष्ट वेगळी. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या तिला सहज जमल्या. अडली ती धानापाशी. 2024-25 साठी केंद्राचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये, छत्तीसगडमध्ये मात्र एकरी 21 क्विंटलपर्यंत 3100. मग शेतकरी डाळीकडे का वळेल? नुसते समीकरण मांडून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी जमीन, पाणी आणि खरेदी केंद्र माहीत असावे लागते. आकडे असे जगण्याशी जोडावे लागतात. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा राष्ट्रीय नमुना पाहणीतल्या खर्चाच्या आकड्यांना रोजच्या 2250 कॅलरींची कसोटी लावली होती. गणिताच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र घ्यावे ते असे काम करता यावे म्हणून.

गणिताचा फायदा पुढे होतोच. 2021पासून आयआयटीच्या 'जॅम' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात गणित, संख्याशास्त्र दोन्ही विचारतात. भारतीय आर्थिक सेवेचा विचार असेल तर मात्र दुसरा मेजरही पुरत नाही. त्या परीक्षेला अर्थशास्त्र किंवा त्याच्या उपयोजित शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते. तिने आता एमएची तयारी धरली आहे.