इंग्रजी वाक्प्रचार : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरातील 'छावणी' या भागाचे नाव लष्कराच्या तळावरून पडले. दुष्काळात उघडल्या जाणाऱ्या 'चारा छावणी'त मात्र लष्कर नसते. तात्पुरत्या तळाची कल्पना तेवढी शिल्लक राहते. शब्दाचा अर्थ असा मूळ जागेवरून पुढे सरकतो. इंग्रजीतील कित्येक वाक्प्रचारही लष्करी जीवनातून आले आहेत. ते समजून घेण्यास आपल्या काव्यशास्त्रातील लक्षणाविचार उपयोगी पडतो.

विवेचन

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाला बाध येणे, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी संबंध असणे आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असणे.

'द रिपोर्ट डिड नॉट पास मस्टर' हे वाक्य घ्या. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट म्हणून 'मस्टर' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. परंतु अहवालाची हजेरी लागत नाही. येथे मुख्यार्थाला बाध येतो. सैनिकांना एकत्र करून त्यांची व शस्त्रांची तपासणी करणे हा 'मस्टर'चा जुना लष्करी अर्थ. तपासणी हा दोन अर्थांना जोडणारा संबंध होय. रूढीने वाक्याचा अर्थ होतो : 'अहवाल कसोटीस उतरला नाही.' अहवालाची नोंद झाली नाही असे समजून कर्मचाऱ्याने तोच अहवाल पुन्हा पाठवला, तर दुरुस्ती राहून जाईल.

'स्टिक टू वन्स गन्स' म्हणजे तोफा सोडून न पळणे. लक्ष्यार्थ, मतावर ठाम राहणे. 'बीट अ रिट्रीट' म्हणजे माघारीचा ढोल वाजवणे. लक्ष्यार्थ, काढता पाय घेणे. मात्र युद्धवर्णनात याच शब्दांचा वाच्यार्थही अभिप्रेत असू शकतो. निर्णय संदर्भावरून करावा.

भाषांतर करताना

'लालफीत' हा शब्दशः अनुवाद मराठीत रुळला. 'तोफांना चिकटणे' रुळले नाही. म्हणून वाच्यार्थावरून प्रतिमा ओळखावी, लक्ष्यार्थ निश्चित करावा आणि मग मराठीत रूढ असलेला वाक्प्रचार योजावा. प्रतिमा बदलली तरी चालते. आशय बदलता कामा नये.

स्वाध्याय

१. 'तळ ठोकणे' व 'मोर्चा वळवणे' यांचे वाच्यार्थ व लक्ष्यार्थ सांगून त्यांना लक्षणेच्या तीन अटी लावून दाखवा.
२. आपल्या वाचनातील एक इंग्रजी वाक्प्रचार निवडून त्याला मराठी पर्याय सुचवा व निवडीचे कारण लिहा.