तेच ते, आणि तरीही नवे

शिमगा जवळ आला की नाटे परिसरात एक प्रश्न हमखास निघतो : "औंदा खेळ्यांत नवीन काय?" संगणकावरील खेळांच्या मालिकांबद्दल आमचे वर्गमित्रही हेच विचारतात. दोन्हीकडे रसिकाची मागणी एकच. त्याला ओळखीचे हवे असते, पण शिळे नको असते. ही मागणी पुरी कशी करावी, याचा येथे थोडा विचार करू.

'असॅसिन्स क्रीड' ही खेळमालिका २००७ साली सुरू झाली. २००९ ते २०१५ दरवर्षी तिचा नवा मुख्य भाग निघाला. शहर बदले, शतक बदले. मनोरे चढणे आणि पाठलाग मात्र तेच. २०१४ चा भाग तर दोषांसह बाजारात आला आणि चाहते नाराज झाले. अखेर २०१६ साली मुख्य भाग निघालाच नाही. २०१७ साली लढण्याची पद्धत बदलून प्राचीन इजिप्तची कथा आली. म्हणजे केवळ देखावा बदलल्याने नावीन्य येत नाही.

आता आपले नमन पाहा. मृदंग-झांजेच्या साथीने गण, मग गवळण, सोंगे आणि शेवटी वग हा साचा ठरलेला आहे. पण पेंद्या आणि मावशी यांची बतावणी मोकळी असते. गावात काल घडलेले आज तिथे येते. साचा आधार देतो, मोकळी जागा ताजेपणा देते.

खाडीपलीकडील माडबनचे गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. प्रेक्षकांना गोष्ट पाठ होती. तरी ते पुन्हा येत, कारण तात्या सरपंच झालेले मच्छिंद्र कांबळी प्रसंग पाहून पदरची वाक्ये घालीत.

आज काही ठिकाणी गवळणीच्या जागी सिनेमाची गाणी वाजतात आणि बतावणी मात्र जुनीच पाठ म्हटली जाते. हे नेमके उलटे झाले! जे राखायचे ते आपण टाकतो, आणि जे बदलायचे ते राखतो. तरुण मुले खेळ्यांपासून दूर जातात, त्याचे एक कारण हेही असावे. यंदा आपल्यापैकी कोणी नवी बतावणी लिहून मंडळाकडे नेली, तर त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल.