पतअहवालातील चुकीची नोंद व तिची दुरुस्ती

खरीप हंगाम तोंडावर आला म्हणजे बी-बियाणे व खते यांसाठी पीककर्जाची निकड भासते. अशा वेळी ‘सिबिल बरोबर नाही’ एवढेच सांगून बँकेने परत पाठविलेला शेतकरी बहुधा निमूटपणे सावकाराचे दार गाठतो. नोंद खरी की चुकीची, याची तो चौकशी करीत नाही. वस्तुतः चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे.

पतअहवाल म्हणजे काय?

ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या भारतात कर्जदारांची पतमाहिती ठेवतात. त्यांचे काम २००५ च्या कायद्यान्वये व रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली चालते. कर्ज देणारी संस्था जी माहिती पाठविते, तीवरूनच ३०० ते ९०० या दरम्यानचा गुणांक काढला जातो. माहिती चुकीची गेली, तर गुणांकही चुकीचा निघतो.

चूक कोणती व कोणती नव्हे?

फिटलेले कर्ज थकीत दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे लागणे, एकच कर्ज दोनदा नोंदले जाणे, या चुका होत. परंतु हप्ता खरोखरच थकला असेल, तर ती नोंद पुसली जात नाही. जामीन राहिलेल्या कर्जाची थकबाकी जामीनदाराच्या अहवालात दिसते, तीही चूक नव्हे.

सातबारावरील बोजा उतरला म्हणजे सर्व काही झाले, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. सातबारा तलाठ्याच्या दप्तरी असतो. पतअहवाल वेगळ्या दप्तरी असतो. एक दुरुस्त झाल्याने दुसरा आपोआप दुरुस्त होत नाही.

दुरुस्तीची रीत

१. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून प्रत्येक खाते तपासावे.

२. बेबाकी दाखला, भरणा पावत्या व कर्जखात्याचा उतारा जमवावा.

३. बँकेकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पतमाहिती कंपनीकडेही तक्रार नोंदवावी व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. यास शुल्क नाही. बँकेने दुजोरा दिल्यावाचून कंपनी नोंद बदलीत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी कळविणे हितावह.

४. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्यापुढील विलंबाबद्दल तक्रारदारास दररोज १०० रुपये भरपाई देय आहे. दुरुस्ती नाकारल्यास कारण कळविणे बँकेवर बंधनकारक आहे.

५. एवढे करूनही दाद न लागल्यास पतमाहिती कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

पैसे घेऊन गुणांक वाढवून देतो, असे सांगणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. खरी नोंद त्यांना पुसता येत नाही आणि खोटी नोंद पुसण्यास त्यांची गरज नाही.

दुरुस्तीस महिना लागू शकतो, हे ध्यानी ठेवून अहवाल जानेवारी-फेब्रुवारीतच तपासावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या काढणीपूर्वी गावात एक बैठक घेऊन शेतकऱ्यांना अहवाल वाचून दाखवावेत व अर्ज लिहून द्यावेत. वेळेवर दिलेला एक अर्ज पुढील हंगामाची पेरणी सावकाराच्या व्याजापासून वाचवू शकतो.