रोमी इतिहासकारांची साक्ष

"तुमच्या ख्रिस्ताची गोष्ट तुमच्याच पुस्तकांत आहे, परक्या कोणी ती लिहिली आहे काय?" असा प्रश्न चावडीवर किंवा बाजारांत आपल्या उपदेशकांस विचारला जातो. त्याचें उत्तर आहे. परंतु तें देण्यापूर्वीं साक्षीदार कोण, त्याचा हेतु काय व त्याचा कल कोणीकडे, हें पाहणें अवश्य आहे.

पहिला साक्षीदार टॅसिटस. तो इ. स. ५६ च्या सुमारास जन्मला, रोमच्या राज्यसभेचा सभासद झाला, व ९७ सालीं त्यास कॉन्सल हें मोठें पद मिळालें. दोमितियन बादशहाच्या कारकिर्दींत (८१ ते ९६) कित्येक थोर सभासद मारले गेले. टॅसिटस मात्र त्याच बादशहाच्या हाताखालीं बढती पावत गेला. राज्यसभेनें त्या जुलमास हातभार लाविला, ही लाज त्यानें आपल्या सासऱ्याच्या चरित्रांत स्वतः लिहून ठेविली आहे. पुढें बादशहांचा इतिहास लिहितांना राग व पक्षपात सोडून लिहूं, असें त्यानें वचन दिलें. तथापि जुन्या जखमेचा ठणका जागोजाग जाणवतो. त्याचीं वाक्यें आंखूड व बोचक आहेत, आणि माणसाच्या कृत्यामागचा वाईट हेतु शोधण्याकडे त्याचा कल आहे.

दुसरा सुएटोनियस. हा हाद्रियन बादशहाचा चिटणीस होता. त्यानें बारा कैसरांचीं चरित्रें लिहिलीं, व त्यांत सालवारी सोडून गुण, दोष, सवयी व राजवाड्यांतील कुजबुज साध्या भाषेंत मांडली. नीरोनें ख्रिस्ती लोकांस शिक्षा केली, ही गोष्ट त्यानें नीरोच्या निर्दोष कृत्यांत घातली आहे!

आतां टॅसिटसची साक्ष ऐका. ६४ सालीं रोम शहरास मोठी आग लागली. ती नीरोनेंच लावविली, असा लोकांचा संशय होता. तो टाळण्यासाठीं नीरोनें ख्रिस्ती लोकांवर आळ घातला व त्यांचा क्रूरपणें वध करविला. हें सांगून टॅसिटस लिहितो कीं, ज्याच्यावरून या लोकांचें नांव पडलें त्या ख्रिस्तास तिबिर्य कैसराच्या राज्यांत पंतय पिलातानें देहांत शिक्षा दिली. हा मनुष्य आमचा मित्र नव्हे; आमच्या धर्मास तो घातक खूळ समजतो. आम्हांस साहाय्य करण्याची त्यास मुळींच इच्छा नाहीं, म्हणूनच त्याच्या शब्दास वजन आहे.

तरी उपदेशकांनो, हें वजन पदरचें घालून वाढवूं नका. टॅसिटसनें हें आगीनंतर सुमारें पन्नास वर्षांनीं लिहिलें, व कोणापासून कळलें तें सांगितलें नाहीं. प्रभु पिलाताच्या आज्ञेनें मारिला गेला, इतकेंच तो सांगतो. प्रभु उठला, ही साक्ष प्रेषितांची आहे. जें पुराव्यांत नाहीं तें पुरावा म्हणून पुढें केलें, तर खरी साक्षही खोटी वाटूं लागते.

आणखी एक धडा आहे. टॅसिटसचा मित्र प्लिनी ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा अधिकारी असतां त्यानें ख्रिस्ती लोकांची चौकशी केली. दोन सेविकांचा छळही केला. पण सांपडलें काय? ते पहाटे जमून ख्रिस्ताचें स्तवन गातात, आणि चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात! प्लिनीचें मन पालटलें नाहीं. परंतु त्यानें विचारिलें, म्हणून खरें काय तें त्याच्या पत्रांत उतरलें. टॅसिटसनें मात्र लोकांत चालत असलेली निंदा तशीच उचलली.

आपणही शेजाऱ्यांविषयीं, दुसऱ्या वस्तीविषयीं, दुसऱ्या मंडळीविषयीं ऐकीव गोष्टी बोलतों. तेव्हां टॅसिटसनें त्या पहिल्या बंधुभगिनींवर जो अन्याय केला, तोच आपण इतरांवर करितों, व नववी आज्ञा मोडितों. लूकानें मात्र बारकाईनें शोध केला, मगच लेखणी उचलली.

म्हणून आमची विनंती आहे कीं, या आठवड्यांत लूककृत शुभवर्तमानाचीं पहिलीं चार वचनें घरीं वाचावीं. आणि कोणाविषयीं ऐकिलेली गोष्ट दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं त्या मनुष्यासच जाऊन विचारावें.