प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन : नियमांच्या आधी मराठीतला ‘की’ समजून घेऊ या



आठवी ते दहावीच्या इंग्रजी व्याकरणात मुलांना सर्वात जास्त छळणारा घटक कोणता, असं विचारलं तर डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच हे नाव हमखास येतं. नियमांचे तक्ते पाठ असतात, टुडेचं ‘दॅट डे’ होतं हेही तोंडपाठ असतं, तरीही स्वतःच्या मनाने वाक्य करायला सांगितलं की गडबड होते. ही गडबड आळसामुळे होत नाही. बऱ्याचदा मूल मराठीत अगदी बरोबर असलेलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेत असतं. म्हणून या पाठात आपण सुरुवात मराठीपासून करू या.

एका पुस्तकाची गोष्ट

राजू मीनाला म्हणतो, “मी तुझं पुस्तक हरवलं.” मीना घरी येऊन आईला सांगते, “आई, राजूने मला सांगितलं की मी तुझं पुस्तक हरवलं.” पुस्तक कुणी हरवलं? राजूने. मराठी घरात यावर कुणी गोंधळणार नाही. कारण मराठीतल्या ‘की’च्या पुढे आपण मूळ बोलणाऱ्याचेच शब्द ठेवू शकतो. ‘मी’ म्हणजे राजू, ‘तुझं’ म्हणजे मीनाचं, हे ऐकणारा आपोआप समजून घेतो.

आता हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत गेलं तर होतं : “राजू टोल्ड मी दॅट आय हॅव लॉस्ट युवर बुक.” इंग्रजी वाचणारा याचा अर्थ घेईल की पुस्तक मीनाने हरवलं आणि तेही आईचं! दोष राजूचा होता, तो मीनाच्या माथी आला. बरोबर वाक्य असं : “राजू टोल्ड मी दॅट ही हॅड लॉस्ट माय बुक.”

ही गोष्ट फळ्यावर लिहा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा, “चूक कुणाची ठरली?” सर्वनाम का बदलायचं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. इंग्रजीतल्या ‘दॅट’च्या पुढे ‘आय’ म्हणजे आत्ता निरोप सांगणारा माणूस, मूळ बोलणारा नव्हे. आपला ‘की’ आणि त्यांचा ‘दॅट’ दिसायला भाऊ असले तरी स्वभावाने वेगळे आहेत.

बऱ्याच वर्गांत यासाठी ‘एस-ओ-एन’ हे सूत्र शिकवतात. प्रथमपुरुष कर्त्याप्रमाणे, द्वितीयपुरुष कर्माप्रमाणे, तृतीयपुरुषात बदल नाही. सूत्र उपयोगी आहे, पण ते पुस्तकाच्या गोष्टीनंतर द्या, आधी नको.

मराठीमुळे होणाऱ्या तीन नेहमीच्या चुका

१. “ही सेड मी.” आपण ‘मला म्हणाला’ म्हणतो, त्यातून हे येतं. इंग्रजीत ‘सेड’नंतर थेट माणूस येत नाही, ‘सेड टू मी’ किंवा ‘टोल्ड मी’ म्हणावं लागतं.

२. “ही टोल्ड दॅट…” मराठीत ‘त्याने सांगितलं की’ हे पूर्ण आहे, कुणाला ते सांगितलं नाही तरी चालतं. इंग्रजीत ‘टोल्ड’ला माणूस लागतो : ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड हर’. माणूस सांगायचा नसेल तर ‘सेड’ वापरा.

३. “शी आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.” ‘तिने विचारलं की’ यातला ‘की’ इथे दॅट होऊन बसला. ‘आस्क्ड’ करून प्रश्न सांगताना दॅट येत नाही. बरोबर वाक्य : “शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.”

जिथे मराठी मदत करते

मराठी फक्त अडचणीच आणते असं नाही. नीट पाहिलं तर या घटकातले तीन अवघड भाग मराठीमुळेच सोपे होतात.

प्रश्न : ‘तू कुठे राहतोस?’ आणि ‘तू पुण्यात राहतोस’ यांत मराठी शब्दक्रम सारखाच आहे. अप्रत्यक्ष कथनात इंग्रजीही हेच करते. ‘डू’ निघून जातो, कर्ता आधी आणि क्रियापद नंतर येतं. मुलांना सांगा, “प्रश्नचिन्ह गेलं, वाक्य साधं झालं.”

हो-नाहीचे प्रश्न : ‘डू यू लाइक मँगोज?’ याला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ का लागतं? मराठीत आपण म्हणतो, ‘मला आंबे आवडतात की नाही, असं तिने विचारलं.’ हा ‘की नाही’ म्हणजेच ‘व्हेदर’. “शी आस्क्ड मी व्हेदर आय लाइक्ड मँगोज.”

आज्ञा आणि विनंती : ‘सरांनी आम्हाला वह्या आणायला सांगितल्या.’ यातला ‘आणायला’ म्हणजे ‘टू ब्रिंग’. “सर टोल्ड अस टू ब्रिंग अवर नोटबुक्स.” आणि ‘बोलू नका’ असेल तर ‘नॉट टू टॉक’. इथे मुलं ‘टू नॉट’ किंवा ‘टू डोन्ट’ लिहितात, तेवढं लक्षात आणून द्या. विनंती असेल तर ‘टोल्ड’ऐवजी ‘रिक्वेस्टेड’ किंवा ‘आस्क्ड’.

काळ मागे का जातो?

मराठीत ‘तो म्हणाला की मी दमलोय’ यात काळ बदलत नाही. इंग्रजीत सांगणारा आज उभा राहून मागे पाहतो. बोलणं कालचं, म्हणून क्रियापदही एक पायरी मागे : ‘ॲम’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘हॅव लॉस्ट’चं ‘हॅड लॉस्ट’. बाहेरचं क्रियापदच वर्तमानकाळात असेल, म्हणजे ‘ही सेज’, तर पायरी उतरायची नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासारखं कायमचं सत्यही आहे तसंच ठेवतात.

‘टुमारो’ प्रत्येक वेळी बदलायचा का?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. बाई गुरुवारी म्हणाल्या, “देअर इज अ टेस्ट टुमारो.” गैरहजर मैत्रिणीला गुरुवारी संध्याकाळीच निरोप दिला तर ‘टुमारो’ म्हणणंच योग्य. पण तोच निरोप शुक्रवारी सकाळी ‘टुमारो’ म्हणून पोचला तर मैत्रीण शनिवारची तयारी करत बसेल आणि चाचणी हुकेल. म्हणजे नियम असा : निरोप कधी आणि कुठे सांगतोय ते पाहा. परीक्षेच्या प्रश्नात वेळ दिलेली नसते, म्हणून तिथे ‘द नेक्स्ट डे’, ‘देन’, ‘देअर’ असंच लिहायचं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

निरोप्याचा खेळ घ्या. एक मूल दुसऱ्याच्या कानात इंग्रजीत वाक्य सांगेल, दुसरं ते तिसऱ्याला निरोप म्हणून सांगेल. तिसऱ्याने फक्त ओळखायचं : कोण, कुणाला, कधी. निरोप चुकला की ‘आय’ आणि ‘ही’ची अदलाबदल सगळ्यांच्या लक्षात येते आणि वर्ग हसतोही.

पालकांना इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. आजीचा फोन झाल्यावर मुलाला मराठीतच विचारा, “आजी काय म्हणाली? तिचे शब्द न वापरता, तुझ्या बाजूने सांग.” मूल म्हणेल, “आजी पुढच्या रविवारी येणार आहे आणि तिने मला अभ्यास करायला सांगितलाय.” इथे ‘मी येणार’चं ‘आजी येणार’ झालं आणि ‘अभ्यास कर’चं ‘करायला सांगितलाय’. अर्धा धडा इथेच झाला.

दुसऱ्याचं बोलणं त्याचा अर्थ न बिघडवता पोचवणं, एवढंच या धड्याचं मर्म आहे. गुण त्यामागून येतात. पुढच्या तासाला तक्ता फळ्यावर लावण्याआधी राजूच्या पुस्तकाची गोष्ट सांगून पाहा.